'मंजूर झालं' म्हणजे नक्की काय झालं? रखडलेल्या उद्यानाच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याच्या जुन्या हद्दीत तुमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून अर्ध्या-पाऊण एकराचा मोकळा तुकडा आहे आणि त्यावर विकास आराखड्यात उद्यानाचं आरक्षण आहे. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या नगरसेवकांनी फ्लेक्स लावला, 'उद्यानास मुख्य सभेची मंजुरी'. पेढेही वाटले. त्यानंतर तिथे गाजरगवत वाढलं, रात्री टेम्पोतून राडारोडा येऊन पडायला लागला, एका कोपऱ्यात गाड्या धुण्याचा धंदा बसला. क्षेत्रीय कार्यालय म्हणतं निधी नाही, मुख्य इमारतीत गेलात की वॉर्डात विचारा म्हणतात. आता निवडून आलेले नगरसेवक म्हणतात, 'काळजी नको, नव्याने ठराव करून घेऊ.' तुमचं म्हणणं, एकदा मंजूर झालेलं पुन्हा मंजूर कशाला करायचं? आणि या महापालिकेत शेवटी निर्णय घेतं तरी कोण?

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. मी एका महापालिकेच्या नगरसचिव शाखेत २९ वर्षं काढली. कुठल्या ते सांगत नाही. आता निवृत्त होऊन पुण्यात राहतो आणि ओळखीपाळखीतल्या सोसायट्यांचे कागद वाचून देतो. कार्यपत्रिका लावणं, विषयपत्रं वाटणं, सभेत बसून ठराव लिहून घेणं, इतिवृत्त कायम करून घेणं हे माझं काम. टाळ्या वाजल्यावर त्या ठरावाचं पुढे काय होतं, हे मी टाळ्या वाजवणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

तुम्ही विचारलंय 'निर्णय कोण घेतं', पण तुमची खरी अडचण ती नाही. तुमची अडचण आहे 'मंजूर' हा शब्द. महापालिकेत तो निदान पाच अर्थांनी वापरतात आणि नागरिकाला तो नेहमी सहाव्याच अर्थाने ऐकू येतो, म्हणजे 'आता काम होणार'. तुमच्या फ्लेक्सवरचा 'मंजूर' कुठला होता हे कळल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकू नका.

मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे, विषय दोन दारांनी येतो. एक दार आयुक्तांचं. खात्याने टिपणी केलेली असते, पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, तयार असतं, लेखा विभागाने तरतूद तपासलेली असते, आणि मग ते विषयपत्र म्हणून समितीमार्फत सभेकडे येतं. त्याच्या पाठीमागे जाडजूड फाईल असते. दुसरं दार सभासदांचं. एक नगरसेवक सूचक, दुसरा अनुमोदक, आणि अर्ध्या पानाचा प्रस्ताव: 'अमुक जागेवर उद्यान विकसित करण्यात यावे व त्यास अमुक नाव देण्यात यावे.' त्याच्या पाठीमागे फाईल नसते, इच्छा असते. असा प्रस्ताव आला की बहुतेक वेळा तो आयुक्तांकडे अभिप्रायासाठी पाठवतात. अभिप्राय अनुकूल आला तर पुढे सरकतो, प्रतिकूल आला तर दप्तरी दाखल, म्हणजे बंद होतो, आणि आलाच नाही तर तो तसाच राहतो. न आलेल्या अभिप्रायांची कपाटं मी पाहिली आहेत.

आमच्याकडे एका वाचनालयाचा सभासद-प्रस्ताव होता. एका सभागृहात मान्य झाला, पुढच्या सभागृहात दुसऱ्या सभासदाने तोच जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा आणला आणि पुन्हा एकमताने मान्य झाला. दोन्ही ठराव मीच लिहिले होते आणि साम्य माझ्या लक्षात आलं ते क्रमांक घालताना. जागा एका ट्रस्टच्या मालकीची होती, महापालिकेची नव्हतीच. हे दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. नाव कुणाचं द्यायचं यावर मात्र चाळीस मिनिटं चर्चा झाली होती. ते वाचनालय मी निवृत्त झालो तेव्हाही नव्हतं.

म्हणून एक काम: ठरावाची प्रत मिळवा. फ्लेक्सचा फोटो चालणार नाही, वर्तमानपत्राचं कात्रण चालणार नाही. ठराव क्रमांक, तारीख आणि ठरावाचे शब्द हवेत. नगरसचिव कार्यालयात ते मिळतात. शब्द नीट वाचा. 'मान्यता देण्यात येत आहे' आणि 'शिफारस करण्यात येत आहे' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'उपसूचनेसह मान्य' असेल तर उपसूचनाही मागा, कारण कित्येकदा मूळ विषय एक असतो आणि रात्री आठ वाजता, सभागृह अर्धं रिकामं असताना, उपसूचनेने त्यात आणखी तीन जागा घुसवलेल्या असतात. तुमची जागा अशा उपसूचनेतून आली असेल तर तिच्यामागे खात्याची टिपणी असण्याची शक्यता फारच कमी.

तारीख मी मुद्दाम म्हणतो. तुमचा फ्लेक्स जानेवारी २०२२ चा, आणि त्या सभागृहाची मुदत संपली १४ मार्च २०२२ ला. मुदतीच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जे मान्य होतं त्याला आम्ही शाखेत 'निरोपाचे विषय' म्हणायचो. सगळेच पोकळ असतात असं नाही. पण त्यानंतर पुण्यात जवळजवळ चार वर्षं लोकनियुक्त सभागृहच नव्हतं. आयुक्त हेच प्रशासक. प्रस्ताव ठेवणारे तेच, खर्चाचे विषय बघणारी स्थायी समिती म्हणून मान्यता देणारे तेच आणि मुख्य सभा म्हणूनही तेच. या काळात खात्याच्या स्वतःच्या फाईली भराभर सरकल्या. पण सभासदाच्या इच्छेवर उभ्या असलेल्या विषयांना वाली उरला नाही. पाठपुरावा करणारा माणूसच सभागृहात नव्हता.

ठराव म्हणून तो मेला का? नाही. मान्य झालेला ठराव सभागृहाची मुदत संपली म्हणून संपत नाही, रद्द होईपर्यंत राहतो. मात्र नुसता राहण्याला फार किंमत देऊ नका. आणि ठराव रद्द करायचा अधिकार फक्त महापालिकेकडे आहे असंही समजू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार महापालिकेचा ठराव विखंडित, म्हणजे रद्दबातल, करू शकतं. पुणेकरांना याचा झटका घरपट्टीत बसला आहे. स्वतः राहत असलेल्या घराला करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देणारा ठराव १९७० सालचा. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि २०१८-१९ च्या सुमारास सरकारने ती सवलत काढून घेतली. मग आंदोलनं, निवेदनं, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने ती परत आली. तेव्हा त्या सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरायला लागलेल्या रांगा आठवत असतील. जवळपास अर्धं शतक चाललेला ठराव एका आदेशाने गेला आणि दुसऱ्या आदेशाने परत आला. 'शेवटी निर्णय कोण घेतं' याचं एक उत्तर त्यात आहे, आणि ते मुंबईत बसतं.

तुमच्या तुकड्याच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे, कारण आरक्षण हा विकास आराखड्याचा भाग. जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या होत्या. सुनावण्या झाल्या, मुख्य सभेत रणकंदन झालं, आणि मार्च २०१५ मध्ये सरकारने आराखडाच महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे दिला. अंतिम मंजुरी २०१७ च्या जानेवारीत. म्हणजे आरक्षण ठेवायचं की उठवायचं हे तुमच्या नगरसेवकाच्या हातात तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ ची वाट, महिनाभर हरकती-सूचना आणि शेवटी सरकारची सही. 'आरक्षण मी आणलं' म्हणणाऱ्याचंही ऐकू नका आणि 'मी उठवू देणार नाही' म्हणणाऱ्याच्या भरवशावरही राहू नका.

आता मुद्द्याचं. जमीन कोणाची आहे?

तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, पण हे कुठेच लिहिलं नाही. माझा अंदाज असा की तुम्ही ती महापालिकेचीच धरून चाललात. आरक्षण आहे म्हणजे जागा महापालिकेची, हा पुण्यातला सर्वात लोकप्रिय गैरसमज. आरक्षण म्हणजे फक्त 'ही जागा पुढे उद्यानासाठी घ्यायची आहे' अशी नोंद. ती घेतली गेली का, मोबदला दिला का, ताबा मिळाला का, सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर महापालिकेचं नाव लागलं का, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. मधल्या एखाद्या पायरीवर वीस वर्षं बसलेल्या जागा शहरात आहेत. टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क, देऊन झालाय पण नाव चढलेलं नाही, असंही असतं. ताबा पावती फाईलला आहे पण जागेवर मूळ मालकाचा रखवालदार, असंही असतं.

जागा खासगी असेल तर निधीची गोष्टच संपली. महापालिका खासगी जमिनीवर खर्च करू शकत नाही आणि केला तर लेखापरीक्षक धरतात. मग ठराव एक असो की दहा. आणि अशा वेळी घड्याळ तुमच्या विरुद्ध चालत असतं. नगररचना अधिनियमाचं कलम १२७ सांगतं की आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जागा घ्या नाहीतर सोडा' अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. आराखडा २०१७ चा आहे हे लक्षात घेऊन हिशेब तुम्हीच करा. तुमचं आरक्षण आधीच्या, म्हणजे १९८७ च्या, आराखड्यापासून चालत आलेलं असेल तर मोजणी कशी करायची हा वकिलाचा विषय, तिथे मी बोलणार नाही. एवढं मात्र सांगतो की ज्या सोसायट्या 'ठराव झालाय' म्हणून निवांत राहतात, त्यांना खरेदी सूचनेचा पत्ता जागेभोवती पत्र्याचं कुंपण उभं राहिल्यावर लागतो.

तेव्हा ठरावाच्या प्रतीबरोबर आणखी तीन कागद काढा: सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, झोन दाखला (आराखड्यात जागा कशासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्याच भागाचा). पहिला कागद महसूल किंवा भूमी अभिलेखकडचा, बाकीचे दोन महापालिकेचे. खर्च किरकोळ आहे. इतके दिवस तुम्ही ज्यांच्या दारात उभे राहिलात त्यातल्या कुणीही तुम्हाला हे काढायला सांगितलं नाही, याचं मला नवल वाटत नाही.

समजा जागा महापालिकेच्या नावावर आणि ताब्यात निघाली. मग मात्र 'निधी नाही' या उत्तराशी झुंजायला अर्थ आहे. २०२५-२६ चं पुण्याचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. त्यात एका उद्यानाला पैसे नाहीत हे वाक्य ऐकायला विचित्र वाटतं, पण ते खोटंच असेल असं नाही. अंदाजपत्रकात आकडा छापून येणं हा 'मंजूर'चा आणखी एक अर्थ. त्या छापील आकड्यातून खरोखर खर्च करायचा तर पूर्वगणनपत्रक मान्य व्हायला हवं, निविदा निघायला हवी, ती स्थायी समितीत मान्य व्हायला हवी, कार्यादेश निघायला हवा. हे सगळं ३१ मार्चच्या आत झालं नाही तर तरतूद गेली, पुढच्या वर्षी नव्याने मागा. पाऊस, गणपती, आचारसंहिता वजा केली तर वर्षात कामाचे महिने किती उरतात ते बोटावर मोजता येतील.

दुसरा चोर म्हणजे वर्गीकरण. हा शब्द तुम्ही पेपरात वाचला असेल आणि सोडून दिला असेल. एका कामासाठी ठेवलेली तरतूद वर्षाच्या मध्ये दुसऱ्या कामाकडे वळवायची, त्याला वर्गीकरण म्हणतात. कायद्याने यात गैर काही नाही. पण उद्यानासाठी ठेवलेले पैसे ऑक्टोबरात गल्लीच्या काँक्रिटीकरणाला गेले, असं मी किती वेळा लिहून घेतलं ते मोजलेलं नाही. उद्यान ही कायद्याच्या भाषेत महापालिकेची ऐच्छिक बाब आहे. पाणी, ड्रेनेज, रस्ते या बंधनकारक. पैसा आखडला की कात्री कुठे लागते हे वेगळं सांगायला नको. म्हणून 'निधी नाही' ऐकलंत की वाद घालू नका. विचारा, 'या कामाचं बजेट कोड काय, कुठल्या वर्षी तरतूद होती आणि तिचं वर्गीकरण झालं का?' समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो, हा अनुभव आहे.

हेच माहिती अधिकारात विचारायचं असेल तर 'मंजूर उद्यानाचे काम का सुरू झाले नाही' असं लिहू नका. 'का' या प्रश्नाचं उत्तर देणं कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक नाही, ते कागद देतात. म्हणून कागद मागा: ठरावाची व त्यावरील आयुक्तांच्या अभिप्रायाची प्रत, जागेची ताबा पावती, पूर्वगणनपत्रक असल्यास त्याची प्रत, मागच्या चार वर्षांतली तरतूद आणि वर्गीकरणाचे ठराव. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. खरं तर अर्जाच्या आधी फाईल प्रत्यक्ष बघता आली तर उत्तम. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फाईली बघू द्यायच्या ही पद्धत पुण्यात आधीपासून होती आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने तशा सूचना सगळीकडे दिल्या. जाण्याआधी त्या कार्यालयात फोन करून वेळ विचारून घ्या. फाईल हातात आली की शेवटून वाचायला सुरुवात करा. शेवटच्या टिपणीवर कुणाची सही आहे आणि कुठली तारीख आहे, तिथेच तुमचं उद्यान अडलेलं असतं. आजच्या घडीला 'निर्णय घेणारा' म्हणाल तर तो माणूस. बऱ्याचदा तो कनिष्ठ अभियंता असतो, ज्याची बदली झाली आणि ज्याच्या जागी कुणी आलं नाही.

नव्या नगरसेवकांबद्दल. त्यांचा ठराव निरुपयोगीच असेल असं मी म्हणणार नाही. कागद बघितल्यावर जमीन मिळालेली नाही असं निघालं, तर उद्यान करा असा ठराव नको, भूसंपादनासाठी तरतूद करा असा आग्रह हवा. जमीन ताब्यात असेल तर नव्या ठरावाची गरज नाही, पुढच्या अंदाजपत्रकात त्या नावाने स्वतंत्र तरतूद हवी. 'सुशोभीकरण' या मोघम शीर्षकाखाली नको, कारण मोघम शीर्षकातून पैसे वळवणं सर्वात सोपं. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला साधारण जानेवारीच्या आसपास देतात. खात्यांच्या मागण्या त्याआधी दोन-तीन महिने गोळा होतात. डिसेंबरात जाऊन उपयोग नाही, दसऱ्याच्या आसपास गेलात तर आहे. आणि त्यांनी 'माझ्या स यादीतून करतो', म्हणजे नगरसेवकाच्या वाट्याला येणाऱ्या प्रभागाच्या निधीतून, असं म्हटलं तर बाकं, खेळणी, फार तर चालायचा पट्टा एवढंच मिळेल हे गृहीत धरा. पूर्ण उद्यान स यादीतून होत नाही. बाकांवर नावं मात्र मोठ्या अक्षरांत येतात.

नगरसेवकाशिवायही एक छोटी वाट आहे. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात. क्षेत्रीय कार्यालयात साधा अर्ज असतो, पावसाळ्याच्या शेवटाकडे त्याची मुदत येते. मोठी कामं यात बसत नाहीत, पण कुंपण, दरवाजा, राडारोडा उचलून सपाटीकरण हे बसू शकतं. तुमच्या बाबतीत कुंपण हे बाकांपेक्षा शंभर पटीने महत्त्वाचं आहे, कारण गाड्या धुणारा आज पाण्याचा पाइप घेऊन बसलाय, उद्या तो पत्र्याची शेड टाकेल, परवा वीजमीटर घेईल, आणि मग तिथे अतिक्रमण विभाग, न्यायालय आणि पुनर्वसनाचा प्रश्न असे तीन नवे विषय तयार होतील. पण पुन्हा तेच, जागा महापालिकेची असेल तर.

एक शंका तुमच्या प्रश्नात लपलेली आहे, तिचंही बोलतो. जुन्या नगरसेवकांनी तुम्हाला फसवलं का? मला तसं वाटत नाही. बहुतेक सभासदांना ठराव झाला की काम झालं असंच प्रामाणिकपणे वाटतं, कारण त्यांचं काम तिथे संपतं. आमचं मात्र तिथे सुरू व्हायचं. २०२० मध्ये पुण्याच्या स्थायी समितीने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायला मान्यता दिली, ते आठवा. निर्णय एका बैठकीत झाला. पण रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची नवी हद्द, आखली म्हणून रस्ता लगेच रुंद होत नाही. शेजारची एकेक इमारत पाडून पुन्हा बांधली जाते तेव्हा तिच्यापुढची पट्टी सुटते, आणि मधली एखादी जुनी इमारत तशीच राहिली तर तिथे रस्त्याला दातखीळ बसते.

तेव्हा या आठवड्यात ठराव शोधायच्याही आधी मालमत्ता पत्रक काढा. त्यावर धारक म्हणून कुणाचं नाव आहे आणि शेवटचा फेरफार कुठल्या सालचा, एवढं कळवा, खासगी नावं असतील तर झाकून. महापालिकेचं नाव असेल तर वर्गीकरणाचा अर्ज कसा लिहायचा ते मी मसुद्यासकट देतो. दुसरं कुणाचं असेल तर मसुदा वेगळा लागेल, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वकिलाच्या फीचा विषय आधी घ्यावा लागेल.